इंजिन बांधावे की बदलावे?

वाचकाचे पत्र: "माझ्याकडे १९६६ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या छपराची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आहे. वडिलांनी ती वापरलेली घेतली होती आणि गेली अकरा वर्षे मी ती चालवतो. वर्षभरापासून तीन गोष्टी त्रास देत आहेत. लांब उतार उतरून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दिला की मागे निळा धूर येतो. इंजिन तापल्यावर ऑइलचा दाब गाडी पळत असताना चौरस इंचाला ४५ पौंड आणि उभी असताना १५ पौंड दिसतो. ताशी १०० किलोमीटरला इंजिन इतके ओरडते की शेजारच्याशी बोलता येत नाही. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (आत दाबल्या गेलेल्या हवेचा दाब) तपासले, ते क्रमाने १५०, १४८, १०५ आणि १५० पौंड आले. माझा नेहमीचा मेकॅनिक पूर्ण इंजिन बांधायला, म्हणजे सगळे उघडून झिजलेले भाग बदलायला, सांगतो. मित्राकडे अपघातात गेलेल्या माझदा एमएक्स-५ गाडीचे १.८ लिटरचे इंजिन आणि गिअरबॉक्स पडून आहे. 'ते टाक आणि वीस वर्षे बॉनेट उघडू नकोस' असे तो म्हणतो. वडिलांची गाडी असल्यामुळे हात धजत नाही, पण दर वेळी रस्त्यात थांबण्याचीही हौस नाही. काय करावे?"

उत्तर:

तुमच्या पत्रातले चार आकडे मी आधी वाचले, प्रश्न नंतर. तीन सिलिंडर दीडशेच्या घरात आणि एकच १०५वर, यावरून एवढे नक्की म्हणता येते की हे इंजिन सरसकट झिजलेले नाही. तसे असते तर चारही आकडे थोड्याफार फरकाने एकदमच खाली आले असते. आजारी आहे ते एक सिलिंडर, आणि त्या एका सिलिंडरपायी मेकॅनिक सगळे इंजिन उघडायला निघाला आहे व मित्र इंजिनच बाहेर काढायला निघाला आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. आज या दोघांपैकी कोणालाही होकार देऊ नका. तपासणी पूर्ण झाल्यावर बहुधा हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या भागाच्या, कामावर भागेल. खालचा भाग खरोखरच झिजलेला निघाला तर हेच इंजिन बांधून घ्यावे. आणि एमएक्स-५चे इंजिन मित्राच्या गॅरेजमध्येच राहू द्यावे. असे का म्हणतो, ते आता सविस्तर लिहितो.

धुरापासून सुरुवात करू, कारण तो केव्हा येतो हे तुम्ही नेमके लिहिले आहे. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असतो, त्या वेळी इनलेट मॅनिफोल्डमध्ये (हवा-पेट्रोल आत नेणाऱ्या नळ्यांमध्ये) जोरदार व्हॅक्यूम तयार होतो. व्हॉल्व्हचे गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या, सैल झाले असतील तर हा व्हॅक्यूम हेडवरचे ऑइल गाइडमधून खाली ओढून घेतो, आणि पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर देताच ते साठलेले ऑइल एकदम जळून मागच्याला निळा ढग दिसतो. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या इंजिनाचा धूर निराळ्या वेळी येतो: चढावर, भार असताना, आणि तो थांबत नाही. शिवाय अशा इंजिनाचे ऑइल भरायचे झाकण चालू स्थितीत उघडले तर आतून फुंकर आल्यासारखी हवा हाताला लागते. हे करून पाहायला दोन मिनिटे लागतात. तुम्ही वर्णन केलेला धूर मला गाइडचा वाटतो, म्हणजे हेडचा.

आता तिसरे सिलिंडर. कॉम्प्रेशन कमी म्हणजे रिंगा गेल्या, असे गृहीत धरण्याची घाई बहुतेक ठिकाणी केली जाते, आणि पूर्ण इंजिन बांधण्याचे निम्मे सल्ले या घाईतून निघतात असे माझे निरीक्षण आहे. तुम्ही फक्त कोरडी, म्हणजे सिलिंडरमध्ये ऑइल न सोडता, चाचणी केली आहे. पुढचे काम करण्याआधी गाडी रात्रभर थंड होऊ द्या, रॉकर कव्हर उतरवा आणि व्हॉल्व्हचे क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रॉकर यांमधली फट, मोजा. एमजीबीच्या या बी-सिरीज इंजिनात पुढून मोजल्यास पहिला, चौथा, पाचवा आणि आठवा हे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आहेत. म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट हा पाचवा. जुन्या मेकॅनिकांचा नऊचा हिशेब येथे उपयोगी पडतो: पाचवा मोजायचा असेल तर चौथा पूर्ण दाबला जाईपर्यंत इंजिन हाताने फिरवायचे, कारण चार आणि पाच मिळून नऊ होतात. तेथे ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटरची फीलर पट्टी किंचित घासत सरकली पाहिजे. ती शिरतच नसेल तर अर्धे निदान झाले असे समजा.

यामागचे कारण पेट्रोलमध्ये आहे. हे इंजिन आखले गेले तेव्हा पेट्रोलमध्ये शिसे असे, आणि त्या शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह व त्याची सीट यांच्यामध्ये गादीसारखे काम करी. शिसे गेल्यावर कास्ट आयर्नमध्येच कोरलेल्या मूळ सीट उघड्या पडल्या. सततच्या उष्णतेत आणि माराखाली सीट झिजते, व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये वर बसत जातो, त्यामुळे रॉकरकडचे क्लिअरन्स कमी कमी होते, आणि एक दिवस व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो. त्या फटीतून गरम वायू निसटू लागला की व्हॉल्व्हची कड जळते. या हेडमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे एक्झॉस्ट एकाच मधल्या पोर्टमध्ये सोडलेले असल्यामुळे सगळ्यात जास्त ताप तेथेच साठतो, आणि नेमका तिसरा सिलिंडर अशक्त व्हावा यात मला फारसे आश्चर्य वाटत नाही.

क्लिअरन्स बरोबर करून पुन्हा कॉम्प्रेशन घ्या. आकडा तरीही १०५च्या आसपास राहिला तर प्लगच्या भोकातून एक मोठा चमचा इंजिन ऑइल आत सोडा, इंजिन दोन-चार फेरे फिरू द्या आणि परत मोजा. ऑइलमुळे आकडा १४०च्या वर उडी घेत असेल तर गळती रिंगांमधून आहे. जवळपास तेथेच राहिला तर व्हॉल्व्हमधून. गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मधोमध गेली असती तर शेजारचाही आकडा पडला असता, आणि तुमचा दुसरा व चौथा दोन्ही धडधाकट आहेत. यापुढचा टप्पा हवा भरून गळती पाहण्याचा. तिसरा सिलिंडर कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टोकाला आणून, गाडी गिअरमध्ये टाकून व हँडब्रेक लावून प्लगच्या जागेतून दाबाची हवा सोडायची आणि कान द्यायचा. सायलेन्सरच्या नळीतून फुस्स आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आला तर इनलेट, ऑइलच्या तोंडातून आला तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडा. एवढी स्पष्ट उत्तरे गाडीच्या दुरुस्तीत फार थोड्या ठिकाणी मिळतात.

ऑइलच्या दाबाबद्दल तुम्ही घाबरला आहात त्यापेक्षा कमी घाबरावे. या गाडीच्या कार्यशाळा-पुस्तिकेत गरम इंजिनाचा दाब चालताना ५० ते ८० आणि उभ्या स्थितीत १० ते २५ पौंड असावा असे दिले आहे. तुमचे १५ पौंड या मर्यादेत बसतात. चालतानाचे ४५ थोडे कमी आहेत, पण या आकड्यावरून बेअरिंग गेली असा निकाल देण्याआधी तीन गोष्टी पाहाव्या लागतील. पहिली, साठ वर्षांचे ते गेज खरे बोलते का. दुसरे गेज जोडून खात्री करा. दुसरी, इंजिनात कोणते ऑइल आहे. हे इंजिन २०डब्ल्यू-५०सारख्या घट्ट ऑइलवर चालायचे आहे, आधुनिक गाड्यांचे पातळ ऑइल भरून दाब कमी झाल्याची तक्रार करण्यात अर्थ नाही. तिसरी, ब्लॉकच्या डाव्या बाजूला मागे घुमटाकार नटाखाली असलेला रिलीफ व्हॉल्व्ह. त्याच्या प्लंजरवर चर पडले असतील किंवा स्प्रिंग बसली असेल तर पंप आणि बेअरिंग ठणठणीत असूनही वरचा दाब मिळत नाही. हे सगळे ठीक निघाले तर मात्र संप (तळाची ऑइलची टाकी) उतरवून बिग-एंडचे शेल (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाची बेअरिंग) पाहणे आले.

तिसरी तक्रार इंजिनाची नव्हेच, आणि इंजिन बदलण्याचा मोह तुम्हाला सर्वांत जास्त तिच्यामुळे होत असावा असा माझा तर्क आहे. तुमच्या गाडीचा डिफरन्शियलचा रेशो ३.९०९ आहे आणि ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारी जोड) नसेल तर टॉप गिअर सरळ एकास एक. या हिशेबाने ताशी १०० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे ३,५०० फेरे घेते. उद्या तुम्ही हेच इंजिन अगदी नवेकोरे करून बसवले तरी ते तेवढ्याच वेगाने फिरेल आणि तेवढेच ओरडेल. एमएक्स-५चे इंजिन टाकल्यावर जी शांतता मिळते तिचे श्रेय बरेचसे त्याच्याबरोबर येणाऱ्या पाच गिअरच्या गिअरबॉक्सला असते. तुमच्या काळातल्या एमजीबीला लेकॉकचे ओव्हरड्राइव्ह कारखान्यातूनच पर्याय म्हणून मिळत असे. त्याचा रेशो ०.८०२ आहे, म्हणजे त्याच १०० किलोमीटरला फेरे २,८००च्या जवळ येतात. ते जुन्या गिअरबॉक्सच्या मागे नुसते जोडता येत नाही, ओव्हरड्राइव्हसह पूर्ण गिअरबॉक्स मिळवावा लागतो आणि प्रोपेलर शाफ्टची लांबी पडताळून घ्यावी लागते, एवढे लक्षात ठेवा. फोर्डचा टाइप ९ हा पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवण्याचे तयार संचही या गाडीसाठी मिळतात. मी तुमच्या जागी असतो तर ओव्हरड्राइव्ह शोधले असते, कारण त्या वर्षीच्या गाडीत ते परके ठरत नाही.

आता समजा, माझे निदान चुकले. चाचणीत रिंगा दोषी निघाल्या, दुसऱ्या गेजवरही दाब कमीच दिसला. मग इंजिन उघडावेच लागेल, आणि बांधायचे की टाकून द्यायचे याचा निकाल वयावर किंवा मेकॅनिकच्या अंदाजावर न लावता मापांवर लावावा. हेड उतरवल्यावर सिलिंडरच्या वरच्या कडेजवळ नख आतून वर ओढा. पायरी लागून नख अडकले तर झीज भरपूर आहे. त्यानंतर बोअर गेजने वर, मध्ये व खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवे व उभे अशी सहा मापे घ्यायला सांगा, कारण सिलिंडर गोल झिजत नाही, पिस्टन ज्या बाजूला रेटतो त्या बाजूला अंडाकृती होत जातो. या इंजिनाचे मूळ बोअर ८०.२६ मिलिमीटर आहे. पिस्टनच्या डोक्यावर कोणता आकडा ठोकला आहे ते पाहा: लेथवर ज्याला वीस, तीस, चाळीस साइझ म्हणतात ते इंचाचे हजारांश असतात. पूर्वी कोणी बोअर करून घेतले असेल तर ते येथे कळेल. चाळीस साइझपर्यंत आलेला ब्लॉकसुद्धा संपला असे होत नाही. साठ साइझचे पिस्टन मिळतात, आणि तेही जमले नाही तर कास्ट आयर्नच्या ब्लॉकमध्ये नवे लायनर ठोकून मूळ मापावर परत येता येते. ब्लॉकला तडा गेला असेल किंवा कनेक्टिंग रॉड भिंत तोडून बाहेर आला असेल तरच तो खरा मेला.

एक मोह टाळा. "बोअर जरा झिजले आहे, पण नुसत्या रिंगा टाकू, भागेल" असे कोणी म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा. अंडाकृती सिलिंडरमध्ये गोल रिंग नीट टेकत नाही, आणि वरच्या न झिजलेल्या पायरीवर नवी रिंग आपटून तुटू शकते. एक तर मापे घेऊन सिलिंडर योग्य निघाले तर होनिंग (आतून हलके घासणे) करून रिंगा टाकाव्यात, नाही तर बोअर करून नवे पिस्टन घ्यावेत. या दोहोंच्या मधले काम सहसा दोनदा करावे लागते. रिंग बसवण्याआधी ती सिलिंडरमध्ये पिस्टननेच सरळ ढकलून टोकांमधली फट मोजली आहे का, असे विचारायला लाजू नका. या मापाच्या बोअरला ती ०.३ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. उत्तर द्यायला मेकॅनिक अडखळला तर तुम्हाला जे कळायचे ते कळले.

लेथवाला निवडताना मी एक प्रश्न हमखास विचारतो, आणि तो मला एका महागड्या चुकीने शिकवला. माझ्याच एका जुन्या गाडीचे इंजिन मी एका कारखान्यात बांधून घेतले होते. क्रँक दहा साइझ ग्राइंड, ब्लॉक बोअर, सगळे शेल नवे, वरून चकचकीत रंग. पाहूनच मन भरावे असे काम. सहाशे किलोमीटरच्या आत खालून ठोकल्यासारखा आवाज येऊ लागला. इंजिन परत उघडले तेव्हा नवे शेल ओरखड्यांनी भरलेले होते. कारण शोधत ब्लॉकमधल्या ऑइलच्या मुख्य वाटेचा पितळी प्लग काढला आणि आत स्क्रूड्रायव्हर घातला, तर टोकाला करडी, चकाकणारी लापशी लागून आली: कापताना निघालेला बारीक कीस आणि जुने जळके ऑइल. ब्लॉक बाहेरून धुतला होता, त्या वाटेचे प्लग मात्र कोणी काढलेच नव्हते. तेव्हापासून मी विचारतो, "ऑइल गॅलरीचे प्लग काढून ब्रश घालणार ना?" आणि शक्य असेल तर ते माझ्यासमोर काढायला लावतो.

तुमच्या १९६६च्या गाडीत मूळ इंजिन असेल तर त्याचा क्रमांक १८जीबीने सुरू होईल. १९६४च्या शरदात या इंजिनाला क्रँक धरणारी तीनऐवजी पाच मेन बेअरिंग मिळाली, आणि मागच्या टोकाला रबरी सील आले. आधीच्या तीन बेअरिंगच्या इंजिनात केवळ आटे पाडून ऑइल मागे फिरवले जाई, त्यामुळे ते थोडे गळायचेच. सांगण्याचा मुद्दा असा की तुमच्याकडे या घराण्यातले चांगले, मजबूत क्रँकचे इंजिन आहे. पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या, त्यामुळे पिस्टनपासून हेडपर्यंत सर्व सुटे भाग आजही नवे तयार होतात. ज्यांची गाडी काही हजारच बनली आणि जिचे पिस्टन मागणीनुसार घडवावे लागतात, त्यांना मी कदाचित वेगळा सल्ला दिला असता. त्यांच्यासाठी दुसरे इंजिन बसवून मूळ इंजिन सावकाश, भाग मिळतील तसे बांधणे हा शहाणपणाचा मार्ग असू शकतो. तुम्हाला ती अडचण नाही.

मित्राच्या प्रस्तावाकडे वळतो. एमएक्स-५चे इंजिन उत्तम आहे, याविषयी वाद नाही, आणि ते एमजीबीत बसवलेल्या गाड्याही आहेत. मात्र इंजिन बदलणे हे इंजिनाचे काम असते असा जो समज आहे तो चुकीचा आहे. ते सबंध गाडीचे काम असते. एक उदाहरण जवळून पाहू. एमएक्स-५मध्ये गिअरबॉक्सला मागे स्वतःचा आधार नसतो. एक लांब सांगाडा गिअरबॉक्सला थेट डिफरन्शियलशी जखडून ठेवतो. तुमच्या गाडीत तो सांगाडा येणार नाही, म्हणून गिअरबॉक्सच्या कवचावर आधार पकडायला जागा शोधून नवा ब्रॅकेट घडवावा लागतो. हा एक ब्रॅकेट झाला. यानंतर इंजिनाचे माउंट, संप आणि पुढच्या क्रॉसमेंबरमधले अंतर, गिअर लिव्हर बोगद्यातून कोठे निघतो ते, नवा प्रोपेलर शाफ्ट, एक्झॉस्ट आणि रेडिएटरच्या नळ्या ही रांग उरतेच. कार्बोरेटरला पेट्रोल हळुवार दाबाने लागते, इंजेक्शनला त्याच्या कितीतरी पट दाब लागतो. म्हणजे नवा पंप, दाब सोसणाऱ्या नळ्या, टाकीकडे परतीची वाट, आणि वळणावर टाकीतले पेट्रोल एका बाजूला गेले तरी पंप कोरडा पडू नये अशी सोय.

आणि विजेचे काय? तुमची गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे. १९६७च्या अखेरीस मार्क-२ ही पुढची आवृत्ती येईपर्यंत एमजीबीची बॉडी बॅटरीच्या धन टोकाला जोडलेली असे. आधुनिक इंजिनाचा संगणक ही मांडणी एक क्षणही सहन करणार नाही. ध्रुव उलटवणे अवघड नाही, पण डायनामोला नवी ध्रुवता द्यावी लागते, रेव्ह-काउंटरमध्ये आतून बदल करावा लागतो, आणि वाटेत कोणी रेडिओ लावला असेल तर त्याचा विचार करावा लागतो. बोलण्याच्या भरात मित्राने हा मुद्दा काढला नसणार. गंमत म्हणजे अशा प्रकल्पांत गाडी बंद पडते ती बहुतेक इंजिनामुळे नव्हे. हाताने जोडलेली तार, घासणारी नळी आणि कोठल्यातरी सेन्सरचा सैल खटका यांमुळे पडते, आणि ते रस्त्याच्या कडेला कोणत्याही पुस्तिकेत सापडत नाही, कारण तुमच्यासारखी गाडी जगात एकच असते.

कारखान्याने स्वतः असे काम केले तेव्हा किती गोष्टी बदलाव्या लागल्या, हे पाहिले तर अंदाज येईल. १९७३ ते १९७६ या काळात एमजीने रोव्हरचे ३,५२८ सीसीचे अ‍ॅल्युमिनियमचे व्ही-८ इंजिन घालून २,५९१ एमजीबी जीटी व्ही-८ गाड्या बनवल्या. हे इंजिन तुमच्या लोखंडी चार सिलिंडरपेक्षा जड नव्हते, त्यामुळे वजनाचा प्रश्न आला नाही. तरीही डिफरन्शियलचा रेशो ३.०७ केला, ब्रेकच्या डिस्क जाड केल्या, स्प्रिंगा कडक केल्या, रेडिएटर पुढे सरकवला. ज्यांच्याकडे रेखाचित्रे, अभियंते आणि साचे होते त्यांना हे सगळे करावे लागले. तुमच्या रोडस्टरच्या मागे अजून जुना बँजो पद्धतीचा अ‍ॅक्सल आहे, जो ९५ अश्वशक्ती समोर ठेवून घातलेला होता. अधिक ताकदीचे इंजिन बसवले की अ‍ॅक्सल, ब्रेक आणि क्लच या तिघांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. तो कोणी मांडला नाही तर पहिल्या ओल्या वळणावर गाडी स्वतःच मांडते.

खर्चाची तुलना करताना लोक एक चूक नेहमी करतात. बांधणीचा अंदाज लेखी असतो, कारण लेथवाल्याकडे प्रत्येक कामाचा दर ठरलेला असतो. इंजिन बदलण्याचा अंदाज मात्र इंजिनाच्या किमतीवर थांबतो. मित्र इंजिन फुकट देत असेल तर तो या प्रकल्पातला सर्वांत स्वस्त भाग तुम्हाला भेट देत आहे. त्याच्या यादीला वर लिहिलेल्या गोष्टी जोडा, प्रत्येकापुढे मजुरीचे तास लिहा, आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. वेळेचाही विचार करा: बांधणीचे काम काही आठवड्यांत संपते, अर्धवट बदललेली गाडी मात्र वर्षानुवर्षे ठोकळ्यांवर उभी राहिलेली मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे.

बदलण्याचा एक मधला मार्गही आहे: दुसऱ्या एमजीबीचे चांगले बी-सिरीज इंजिन घालणे. तुमचा ब्लॉक खरोखर मेला असेल तर मी याच मार्गाने जाईन. फक्त एवढे पाहा की १९६७नंतर गिअरबॉक्स बदलला, त्यामुळे नंतरचे इंजिन तुमच्या गिअरबॉक्सला लावताना मागची प्लेट, फ्लायव्हील आणि क्रँकच्या टोकातले बुश जुळवून घ्यावे लागते. आणि "नुकतेच बांधलेले" या शब्दांवर इंजिन विकत घेऊ नका. बिले, मापे आणि संप उतरवल्यावरचे दृश्य यांवर घ्या.

मूळपणाबद्दल तुम्ही थेट विचारले नाही, पण "हात धजत नाही" या शब्दांत ते आलेच. येथे भावनेच्या आधी वस्तुस्थिती तपासा. ब्लॉकच्या उजव्या बाजूला रिव्हेट केलेल्या पट्टीवर इंजिनाचा क्रमांक आहे. इंग्लंडमधल्या गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या नोंदींवरून प्रत्येक गाडीचे हेरिटेज प्रमाणपत्र देते, त्यात गाडी बाहेर पडताना तिच्यात कोणते इंजिन होते ते लिहिलेले असते. दोन क्रमांक ताडून पाहा. ब्लॉकवरची काजळी पुसताना खाली सोनेरी रंग दिसला तर तुमच्यातले इंजिन आधीच एकदा बदललेले असण्याची शक्यता आहे, कारण त्या काळी कारखान्याने पुन्हा बांधलेली अदलाबदलीची 'गोल्ड सील' इंजिने सोनेरी रंगवून येत. तसे निघाले तर वडिलांनी चालवलेले इंजिन म्हणून त्याचे मोल उरतेच, मात्र क्रमांक जुळण्याचा प्रश्न निकालात निघतो. क्रमांक जुळले तर हा ब्लॉक कोणत्याही परिस्थितीत भंगारात जाता कामा नये. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१२च्या ट्युरिन सनदेत बदल करावाच लागला तर तो परत फिरवता यावा, यावर भर दिला आहे, आणि मला ते तत्त्व व्यवहारातही पटते. बॉनेटखाली काहीही करा, पण बॉडीचा पत्रा कापू नका.

हे सगळे वाचूनही तुम्ही एमएक्स-५चेच ठरवले तर ते पाप नव्हे. गाडी रोज वापरायची असेल, लांबचे प्रवास करायचे असतील, आणि तुम्हाला स्वतःला वेल्डिंग व वायरिंगचा छंद असेल तर त्या गाडीतून तुम्हाला भरपूर सुख मिळेल. तसे केलेत तर मूळ इंजिन नीट जपून ठेवा: प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑइल सोडा, सगळी भोके बुचांनी बंद करा, जमिनीचा ओलावा लागू नये म्हणून लाकडी चौकटीवर ठेवा आणि दर दोन महिन्यांनी क्रँक अर्धा फेरा फिरवा. गाडीची नोंद जेथे असेल तेथील नियमांप्रमाणे इंजिनाचा क्रमांक आणि प्रकार बदलल्याचे कळवा, आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर कळवणे म्हणजे न कळवणेच.

हेडचे काम निघाले, आणि मला तेच निघेल असे वाटते, तर एक्झॉस्टसाठी कठीण पोलादाच्या सीट, नवे गाइड, नवे व्हॉल्व्ह आणि मधल्या एक्झॉस्ट पोर्टभोवती तडे आहेत का याची रंग टाकून तपासणी, एवढे एकदमच करून घ्या. तड्यांची तपासणी सीट बसवण्याआधी व्हायला हवी, नंतर नव्हे. पेट्रोलच्या रबरी नळ्या जुन्या असतील तर त्याही याच खेपेला बदला, कारण इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुने रबर आतून मऊ करते. खालचा भाग उघडावा लागला आणि कॅमशाफ्ट नवा घातला तर पहिल्यांदा चालू करण्याआधी प्लग काढून स्टार्टरने इंजिन फिरवा, ऑइलच्या गेजचा काटा हलेपर्यंत. चालू झाल्यावर त्याला मंद गतीत सोडू नका. मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या आसपास वीस मिनिटे चालवा, कारण या पद्धतीच्या कॅमला आणि टॅपेटला ऑइल क्रँकच्या शिंतोड्यांतून मिळते आणि मंद गतीत ते पुरेसे उडत नाही.

आधी ती फीलर पट्टी घेऊन पाचव्या व्हॉल्व्हपाशी जा. क्लिअरन्स किती आले, ऑइल सोडल्यावर तिसऱ्या सिलिंडरचा आकडा किती झाला, आणि हवा कोठून फुसफुसली, एवढे तीन ओळींत मला कळवा. हेड उतरवले गेलेच तर तो व्हॉल्व्ह पुसण्याआधी त्याच्या कडेचे छायाचित्र काढून ठेवा आणि सोबत पाठवा. मेकॅनिकच्या घासणीखाली गेल्यावर त्यातले निम्मे पुरावे पुसले जातात.